प्रामाणिक सल्लागाराची दंतकथा

पुढाऱ्याचा एखादा निर्णय अंगाशी आला की एक ठरावीक वाक्य कानी पडू लागते. "साहेब चांगले आहेत हो, भोवतालची माणसे वाईट आहेत." त्याचे जोडवाक्यही ठरलेले असते : "त्यांना खरे सांगणारा एक जरी माणूस जवळ असता, तर ही वेळ आली नसती." साखर कारखान्याच्या अध्यक्षापासून देशाच्या पंतप्रधानापर्यंत हेच निदान आणि हाच उतारा. सत्ताधाऱ्यांचे भाट हे बोलले तर नवल नाही, कारण त्यांच्या धन्याचे पाप त्यामुळे परस्पर दुसऱ्याच्या पदरात पडते. परंतु पुरोगामी म्हणवणारी वृत्तपत्रे, विद्यापीठांतील विचारवंत आणि क्वचित समाजवादी कार्यकर्तेही जेव्हा हाच सूर आळवू लागतात, तेव्हा त्याची दखल घेणे भाग पडते.

या समजुतीमागे एक सोयीचा हिशेब आहे. त्यात पुढारी निर्दोष ठरतो, दोष हुजऱ्यांवर जातो, आणि नागरिक आपल्या कर्तव्यातून मोकळा होतो. कोणी तरी शहाणा, निःस्पृह, निर्भय गृहस्थ बंद दाराआड जाऊन आपल्या वतीने खरे बोलेल, आणि राज्यकारभार सुधारेल! प्रजेने फक्त असा गृहस्थ लाभावा म्हणून प्रार्थना करावयाची. ही लोकशाहीची कल्पना नव्हे. ही राजेशाहीतली आशा आहे आणि प्रजासत्ताकाच्या अंगणात ती अद्याप ठाण मांडून बसली आहे.

महाराष्ट्रात या आशेला एक थोर नाव मिळाले आहे, ते रामशास्त्री प्रभुणे यांचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शास्त्रीबुवांच्या तेजाविषयी वाद नाही. पण या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. रामशास्त्र्यांच्या वाक्याने राघोबादादा गादीवरून उतरले नाहीत. शास्त्री गेले आणि दादा पेशवे म्हणून राहिले. त्यांना पुण्याबाहेर ठेवले ते १७७४ मध्ये उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारस्थानाने, म्हणजे संघटित विरोधाने. बारभाई हे काही लोकशाहीवादी नव्हते. तो सरदार-मुत्सद्द्यांचा गट होता. तरीही धडा तोच राहतो. सत्य उच्चारल्याने सत्ताधाऱ्याचा अपराध सिद्ध होतो; त्याची सत्ता जाते ती त्या सत्यामागे शक्ती उभी राहते तेव्हाच. शिवाय रामशास्त्री कोणाच्या कानात कुजबुजले नव्हते. ते न्यायासनावर बसले होते आणि त्या आसनाच्या अधिकाराने बोलले होते. त्यांना 'प्रामाणिक सल्लागार' म्हणणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

स्वतंत्र भारतात या दंतकथेचा सर्वांत मोठा नायक म्हणजे परमेश्वर नारायण हक्सर. त्यांचे उदाहरण मुद्दाम घ्यावयाचे, कारण ते कोणी सामान्य हुजरे नव्हते. दुबळ्या उदाहरणाचे खंडन करून काहीच साधत नाही. हक्सरांची बुद्धिमत्ता, त्यांचे वाचन, त्यांचा डावा कल आणि त्यांची वैयक्तिक सचोटी यांविषयी त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतलेली नाही. लंडनमधील विद्यार्थिदशेपासून त्यांचा इंदिरा गांधींशी परिचय होता. १९६७ मध्ये ते पंतप्रधानांचे सचिव झाले. पुढील सहा वर्षांत जे जे मोठे घडले, त्यांतील बहुतेकांवर त्यांचा हात फिरला होता : १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांच्या तनख्यांचा प्रश्न, ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार, बांगलादेशाचे युद्ध आणि जुलै १९७२ चा सिमला करार. आणि हे गृहस्थ खरे बोलत. पंतप्रधानांच्या चिरंजीवांना मोटारीच्या कारखान्याचा परवाना देण्याच्या प्रकरणी त्यांनी आपली प्रतिकूलता लपवली नाही, हे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. सर्वशक्तिमान नेत्याच्या मुलाविषयी त्या नेत्यालाच स्पष्ट सांगणे, याहून अवघड सत्य कोणते?

फळ काय मिळाले? १९७३ च्या जानेवारीत हक्सर पंतप्रधानांच्या सचिवालयातून बाहेर पडले. मारुतीचा कारखाना राहिला. १९७५ च्या आरंभी त्यांना नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद मिळाले. मान मोठा होता, पण दरवाजा दुसरा होता. त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही घेऊन आणीबाणी पुकारली गेली. जुलैमध्ये दिल्लीच्या कनॉट प्लेसमधील 'पंडित ब्रदर्स' या हक्सरांच्या नातलगांच्या दुकानावर धाड पडली आणि त्यांच्या वयोवृद्ध काकांना अटक झाली. आणीबाणीनंतर शहा आयोगाने या प्रकरणाचीही चौकशी केली. ज्या माणसाने नेत्याला सत्य सांगितले, त्याच्या घरातील वृद्धालाही त्या नेत्याच्या राजवटीत संरक्षण उरले नव्हते.

दरबारी नीतिकथा येथे संपते आणि श्रोते हळहळतात. समाजवादी विश्लेषणाला मात्र येथूनच सुरुवात करावी लागते. विचारावयाचा प्रश्न असा : हक्सर गेल्यावर त्यांच्या जागी दुसरे काहीच का उरले नाही? संसदीय पक्ष, मंत्रिमंडळ, पक्षाची कार्यकारिणी, सनदी सेवा, यांपैकी एकालाही 'नाही' म्हणण्याचे बळ का राहिले नव्हते?

याचे उत्तर कटू आहे. हे बळ खच्ची करण्याचे काम ज्या काळात झाले, तो काळ हक्सरांचाच होता. लालबहादूर शास्त्री यांच्या कारकीर्दीत १९६४ मध्ये आकाराला आलेले पंतप्रधानांचे सचिवालय हक्सरांच्या हाती एक महाशक्ती बनले. खात्यांचे निर्णय तेथे होऊ लागले आणि मंत्री सहीपुरते उरले. १९६८ मध्ये उभारलेली परदेशविषयक गुप्तवार्ता यंत्रणा पंतप्रधानांच्या थेट छत्राखाली राहिली. 'बांधीलकी मानणारी नोकरशाही' ही कल्पना याच वातावरणात बोकाळली. बांधीलकी घटनेशी की व्यक्तीशी, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. एप्रिल १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला. तेव्हा हक्सर सचिवालयात नव्हते. पण त्या कृत्यामागचे तर्कशास्त्र त्यांच्या काळात पुरेसे मुरले होते. पुढे ज्या खोलीतून आणीबाणी चालवली गेली, ती खोली बांधण्यात या प्रामाणिक माणसाचे कौशल्य लागले होते. फरक एवढाच की तेथे ते स्वतः असताना त्या खोलीत विवेक होता. ते गेले आणि विवेकही त्यांच्याबरोबर गेला. एका माणसाच्या येण्याजाण्याबरोबर ज्या राज्यातला विवेक येतो-जातो, त्या राज्याला घटनात्मक राज्य म्हणत नाहीत.

या दोषात समाजवाद्यांचा वाटा शून्य नाही. बँकांचे राष्ट्रीयीकरण ही समाजवादी चळवळीची जुनी मागणी. १६ जुलै १९६९ रोजी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि १९ जुलैला पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. मध्ये तीन दिवस. संसद नाही, चर्चा नाही, खुद्द सत्ताधारी पक्षातही विचारविनिमय नाही. निर्णय आपल्या मनासारखा होता, म्हणून अनेकांनी तो कसा झाला याकडे डोळेझाक केली. पंतप्रधानांच्या घरासमोर जल्लोष करणाऱ्यांना हे सुचले नाही की जी खोली तीन दिवसांत बँका ताब्यात घेऊ शकते, ती एका रात्रीत नागरिकांचे स्वातंत्र्यही ताब्यात घेऊ शकेल. सहा वर्षांनी ते घडले. २६ जूनच्या सकाळी मंत्रिमंडळाला बोलावून झालेला निर्णय कळवण्यात आला आणि सरदार स्वर्णसिंगांच्या एका शंकेखेरीज त्या बैठकीत कोणी तोंड उघडले नाही. तेथे बसलेल्यांत महाराष्ट्राचे थोर नेतेही होते. वटहुकूम चांगल्या कामासाठी की वाईट कामासाठी, हे वटहुकमाला कळत नसते.

आता सल्लागाराच्या स्थानाचे अर्थशास्त्र पाहू. त्याच्याजवळ भांडवल एकच : नेत्याचा विश्वास. प्रत्येक अप्रिय सत्य बोलताना त्यातला काही भाग खर्ची पडतो. म्हणून शहाणा सल्लागार काटकसर करू लागतो. आजचे लहान सत्य गिळावे आणि उद्याच्या मोठ्या प्रसंगासाठी शिल्लक राखावी, असा हिशेब तो मांडतो. हा भ्याडपणा नसतो, त्याच्या जागेची ती रीतच असते. परंतु लहान सत्ये गिळण्यातूनच मोठा प्रसंग तयार होतो, आणि तो येऊन ठेपतो तेव्हा असे आढळते की भांडवल केव्हाच संपले आहे. याउलट खुशमस्कऱ्याला खर्च नाही. प्रत्येक होकाराबरोबर त्याची ठेव वाढतच जाते. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशॅमचा सिद्धान्त दरबारालाही लागू पडतो. नेता मुळात दुष्टच असला पाहिजे असे नाही. सत्याचा भाव ठरविण्याचा मक्ता एकाच गिऱ्हाइकाकडे असला, की बाजार असाच चालणार.

दुसरे वैगुण्य वर्गीय आहे. सल्लागार आणि नेता बहुधा एकाच थरातून आलेले असतात. त्यांची विद्यालये एक, त्यांचे स्नेही एक, त्यांची भाषाही एक. सल्लागार नेत्याला खरे सांगेल. पण त्याला स्वतःला खरे कोण सांगणार? वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे, बीडच्या ऊसतोडणी कामगाराचे किंवा मुंबईच्या बंद गिरणीतल्या बदली कामगाराचे सत्य त्या खोलीपर्यंत पोचते ते टिपणांच्या आणि सरासरीच्या रूपाने. आणि सरासरी हा फार सभ्य खोटेपणा असतो.

१९६३ चा प्रसंग या बाबतीत आठवण्याजोगा आहे. पंडित नेहरूंच्या भोवती सल्लागारांची वाण नव्हती. देशातले उत्तमोत्तम अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ त्यांच्या एका शब्दावर हजर होत. नेहरूही ऐकून घेणारे होते. तरीही देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हे वाक्य त्यांना ऐकवले ते एका विरोधकाने. त्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून निवडून आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी ते लोकसभेत उच्चारले. नेहरू म्हणाले, पंधरा आणे. सरकारपक्षाचा आकडा देशाच्या सरासरीचा होता, त्यात टाटा-बिर्लाही जेवत होते. लोहिया खालच्या साठ टक्क्यांविषयी बोलत होते. आकडेशास्त्रज्ञ या वादावर पुढे बरेच वर्ष खल करीत राहिले. पण दारिद्र्य हा देशाच्या राजकारणाचा मोजण्याजोगा प्रश्न झाला तो त्या दिवशी. हेच वाक्य एखाद्या सल्लागाराने तीन मूर्ती भवनात चहाच्या वेळी सांगितले असते, तर नेहरूंनी मान हलवली असती, कदाचित खिन्नही झाले असते, आणि फाईल पुढे सरकली असती. लोहियांचे म्हणणे लोकांसमोर होते, म्हणून त्याला उत्तर द्यावे लागले.

सत्तेच्या आत जाऊन परिणाम घडवू, हा विचारही समाजवाद्यांनी करून पाहिला आहे. अशोक मेहता यांची बुद्धी आणि हेतू दोन्ही निःशंक होते. ते १९६३ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, नंतर काँग्रेसमध्ये आणि मंत्रिमंडळात गेले. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि भारत सरकारने स्पष्ट निषेध करण्याचे टाळले, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले. हे त्यांच्या जन्मभराच्या निष्ठेला शोभणारेच होते. पण पाच वर्षांच्या सल्ल्यातून जेवढे साधले नाही तेवढे त्या एका राजीनाम्याने लोकांना समजले, ही गोष्ट त्या मार्गाची महती सांगते की मर्यादा?

महाराष्ट्राच्या अनुभवात याचा आणखी ठळक पुरावा आहे. चिंतामणराव देशमुख हे नेहरूंच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री, त्याआधी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यांनी तो खाजगी नाराजीचा विषय राहू दिला नाही. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता असे निर्णय घेतले जातात आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली जाते, हे त्यांनी लोकसभेत उभे राहून देशाला सांगितले. तरीही त्या निवेदनाने महाराष्ट्र आला नाही. तो आला शंभरावर हुतात्म्यांच्या रक्तातून, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांतून आणि १९५७ च्या मतपेट्यांतून. १ मे १९६० रोजी. मात्र देशमुखांच्या उघड शब्दाने त्या लढ्याला जी नैतिक बाजू दिली, ती त्यांनी पंतप्रधानांशी एकान्तात वाद घालून कधीच दिली नसती. सल्लागार म्हणून त्यांचे ऐकले गेले नव्हते. लोकांसमोर आले तेव्हा त्यांचा शब्द जड झाला.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, राज्यकारभार सगळा चव्हाट्यावर चालत नाही. १९७१ च्या युद्धाची तयारी सभेत होते काय? हक्सरांसारखा माणूस त्या वेळी नसता तर देशाचे नुकसान झाले असते, हे खरे नव्हे काय? खरे आहे. युद्ध, वाटाघाटी, चलन यांसारख्या बाबतींत काही काळ गुप्तता लागते आणि तेथे शहाणा माणूस जवळ असणे हे भाग्यच. परंतु भाग्य ही राज्यव्यवस्था नव्हे. पाऊस चांगला पडला तर आनंदच आहे. म्हणून कोणी बंधारे बांधणे सोडत नाही. प्रश्न सल्लागार असावेत की नसावेत हा नाही. सल्ला धुडकावला गेला तर पुढे काय, हा आहे. दंतकथेपाशी या प्रश्नाला उत्तर नाही. तिच्यात सल्लागार राजीनामा देतो, वनवासात जातो, आत्मचरित्र लिहितो. प्रजा मात्र जेथे असते तेथेच राहते.

सल्ल्याला व्यक्तीच्या मर्जीतून सोडवण्याचा मार्ग भारताला अगदीच अपरिचित नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून नियोजन मंडळावर गेलेले धनंजयराव गाडगीळ यांचे उदाहरण पाहावे. राज्यांना मिळणारे केंद्रीय साहाय्य तोवर पुष्कळसे दिल्लीच्या मर्जीवर अवलंबून असे. कोणत्या मुख्यमंत्र्याचे कोणाशी सूत जमते, यावर त्याच्या राज्यातले पाटबंधारे ठरावेत अशी स्थिती. गाडगीळांनी पंतप्रधानांच्या कानाशी लागून न्याय मागितला नाही. त्यांनी एक सूत्र मांडले : साठ टक्के लोकसंख्येनुसार आणि उरलेले चाळीस टक्के दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांसाठी दहा-दहा. १९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने ते स्वीकारले. १९७१ मध्ये गाडगीळ मंडळातून बाहेर पडले आणि परतीच्या रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले. सूत्र मात्र फेरफार होऊन दशकानुदशके चालले. त्यात उणिवा होत्या; पण कोणताही मुख्यमंत्री कागद हाती घेऊन हिशेब मागू शकत होता. हक्सरांचा सल्ला हक्सरांबरोबर गेला. गाडगीळांचा सल्ला नियम होऊन राहिला.

१९५५ मध्ये दुसऱ्या योजनेच्या अर्थशास्त्रज्ञ मंडळात बी. आर. शेणॉय यांनी भिन्न मतपत्रिका जोडली. तुटीच्या अर्थभरणाविरुद्धची त्यांची मते समाजवाद्यांना मानवणारी नव्हती आणि आजही नाहीत. परंतु ती छापली गेली, वाचली गेली, तिच्यावर वाद झाला. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची तंगी आली तेव्हा लोकांना पडताळा घेता आला. विरोधी मत चूक की बरोबर हे नंतरही ठरवता येते. ते नोंदलेच गेले नाही तर काहीच ठरवता येत नाही.

हा जुना इतिहास झाला असे कोणी समजू नये. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द केल्या. देशातील चलनाच्या मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग एका भाषणाने बाद झाला. तोंडी सल्ला त्याआधी दिला गेला होता : लाभापेक्षा तात्कालिक किंमत जड होईल, असे आपण फेब्रुवारीतच सांगितले होते, हे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०१७ मध्ये, पद सोडल्यानंतर लिहिले. घोषणेपूर्वी अवघे काही तास रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाची बैठक झाली. काळा पैसा मुख्यतः रोकडीत नसून जमीनजुमला व सोन्यात असतो, हे त्या मंडळाने इतिवृत्तात नमूद केले आणि त्याच बैठकीत प्रस्तावाला संमतीही दिली! हे इतिवृत्त जनतेच्या हाती आले २०१९ मध्ये, तेही माहितीच्या अधिकारातून. तोवर रांगांत उभी राहिलेली माणसे घरी गेली होती, कित्येकांचे छोटे धंदे बसले होते, आणि रद्द केलेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक बँकेत परत आल्याचे २०१८ मध्ये बँकेनेच सांगितले होते. सत्य येथे नव्हते असे नाही. ते होते, कागदावरही होते; फक्त ज्यांच्या खिशातली नोट बाद झाली त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोचले नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निर्णय वैध ठरवला. भिन्न मत न्या. नागरत्ना यांचे होते आणि ते निकालपत्रात छापलेले आहे. सल्लागार आणि न्यायाधीश यांच्यात फरक आहे तो हाच.

तेव्हा मागणी चांगल्या सल्लागाराची नको. सल्ला उघड करण्याची हवी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातच अशी तरतूद आहे की मंत्रिमंडळाचा निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर त्याची कारणे आणि ज्या आधारावर तो झाला ती सामग्री जाहीर करावी. या तरतुदीची अंमलबजावणी मागण्यासाठी किती जिल्हा शाखांनी अर्ज केले? रिझर्व्ह बँकेसारख्या वैधानिक संस्थेने दिलेले प्रतिकूल मत सभागृहापुढे ठेवल्याखेरीज निर्णय अमलात आणू नये, असा आग्रह किती आमदार-खासदारांनी धरला? नियोजन मंडळ गेले आणि १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला, तेव्हा राज्यांच्या वाट्याचा हिशेब पुन्हा कोणाच्या मर्जीवर गेला, याची चर्चा किती शिबिरांत झाली?

आणि हे प्रश्न सरकारला विचारण्यापूर्वी घरात विचारले पाहिजेत. लोहिया-जयप्रकाशांचे नाव घेणाऱ्या पक्षांतून आज घराणी राज्य करतात. उमेदवारांची यादी एका बैठकखोलीत ठरते, ठराव आधी छापून येतो आणि मग कार्यकारिणी भरते. तेथेही कार्यकर्ते हेच म्हणताना आढळतात : "अध्यक्ष चांगले आहेत, कोणी तरी त्यांना सांगायला हवे." कोणी तरी म्हणजे कोण? ज्याला हे दिसते त्यानेच, आणि अध्यक्षांच्या घरी जाऊन नव्हे, तर सभेत उभे राहून. कार्यकारिणीच्या बैठकीचे इतिवृत्त भिन्न मतांसह शाखांना मिळाले पाहिजे. अल्पमताची पत्रिका पक्षाच्या साप्ताहिकाने छापली पाहिजे, मग ती संपादकांना पटो वा न पटो. सरकारी समितीवर वा सल्लागार मंडळावर जाणाऱ्या सभासदाने तेथे काय मांडले आणि काय फेटाळले गेले याचा वृत्तान्त पक्षाला दिला पाहिजे. तो देता येत नसेल तर ते पद घेऊ नये. पदाधिकाऱ्याची मुदत ठरलेली असावी आणि ती संपल्यावर खुर्ची सोडण्यास त्याला कोणी विनवावे लागू नये. यात क्रांतिकारक असे काहीच नाही. पण हे एवढेही न करणाऱ्या पक्षाने दिल्लीच्या दरबारावर टीका करावी कोणत्या तोंडाने?

आणीबाणीत सत्य बोलले गेलेच नाही असे नाही. जयप्रकाशांनी ते तुरुंगातून पंतप्रधानांना पत्र लिहून कळवले. मधु लिमये आणि शरद यादव यांनी लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा सभासदत्वाचा राजीनामा देऊन ते सांगितले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, जेथे स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते, तेथे दुर्गाबाई भागवतांनी भर मांडवात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्यास श्रोत्यांना सांगितले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. यांपैकी कोणीही पंतप्रधानांचा सल्लागार नव्हता आणि त्यांना गमावण्यासारखा नेत्याचा विश्वास नव्हता. १९७७ च्या मार्चमध्ये उत्तर भारतातील मतदाराने जो निर्णय दिला, तोही कोणा मुत्सद्द्याने दिलेला सल्ला नव्हता.

सत्ताधाऱ्याच्या कानात सत्य सांगणाऱ्याला नमस्कार असो. पण कान त्याचा आहे. तो केव्हाही बंद होऊ शकतो. मतपेटी, सभागृह, न्यायासन, वृत्तपत्र आणि पक्षाची शाखा ही लोकांची आहेत, आणि ती बंद पडतात ती लोकांनी सोडून दिल्यावरच. कार्यकर्त्याचे काम ती चालू ठेवण्याचे आहे.